‘मलिक अंबर’ ह्या नांवांतील अंबर शब्दाचा अर्थ व मूळ

निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर (मृत्यु इ. स. १६२६) ह्याचें नांव वाचतांच संस्कृतज्ञ वाचकाच्या मनांत आकाश किंवा वस्त्र हा अर्थ उभा राहतो. अमरकोशांत हे दोन्ही अर्थ आहेत. कांहीं कोशांत तर ‘अंबर’ म्हणजे एक सुगंधी द्रव्य असेंहि सांपडतें. तेव्हां हें नांव संस्कृत कीं अरबी, आणि अरबी असल्यास तें धारण करणाराविषयीं काय सांगतें, ह्याचा विचार येथें करूं.

प्रथम लेखनाचें प्रमाण घेतों. मोडी व बाळबोध लिपींत ‘अंबर’ एवढेंच लिहिलें जात असल्यामुळें दोन्ही शब्दांत भेद उरत नाहीं. फारसींत मात्र हें नांव ऐन, नून, बे व रे ह्या चार अक्षरांनीं लिहितात. संस्कृत शब्द फारसींत उतरविला असता तर आरंभीं अलिफ आलें असतें; ऐन हा वर्ण संस्कृतांत नाहींच. शिवाय येथें मूळ वर्ण नकार आहे. पुढील बकारामुळें त्याचा उच्चार मकारासारखा होतो. आपल्या परसवर्णाचाच हा प्रकार होय. मराठी कानास ऐनाचें व्यंजनत्व जाणवलें नाहीं, म्हणूनच दोन पदें एकत्र येऊन ‘मलिकंबर’ असें रूप बनलें. सारांश, शब्द अरबी आहे ह्याविषयीं शंका नको.

अरबींत अन्बर म्हणजे समुद्रकांठीं मिळणारें बहुमोल सुगंधी द्रव्य. तें देवमाशाच्या आंतड्यांत उत्पन्न होतें. त्या महामत्स्यासहि हेंच नांव आहे. हदीसग्रंथांत अशा एका माशावर मुसलमान सैन्यानें कित्येक दिवस निर्वाह केल्याची कथा येते. तमीम टोळीची एक शाखा ‘बनू अल्-अन्बर’ म्हणून प्रसिद्ध होती. म्हणजे स्वतंत्र अरबांतहि हें पुरुषनाम होतें. केवळ नांवावरून कोणास गुलाम ठरवितां येणार नाहीं.

तथापि पुढील काळांत सुगंधी द्रव्यें व रत्नें ह्यांचीं नांवें गुलामांस देण्याची चाल मुसलमानी देशांत सर्वत्र पडली. मिसर देशाचा अधिपति काफूर (मृत्यु इ. स. ९६८), देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर, रझियेच्या पदरचा हबशी याकूत, विजापूरचा मलिक संदल हीं सर्व नांवें ह्याच वर्गांतलीं. ही केवळ हबशांची खूण नव्हे, भूगोलकार याकूत (मृत्यु इ. स. १२२९) हा रूमी वंशाचा असून बालपणीं विकला गेला होता. संस्कृताभ्यासकांस कौतुक वाटावें अशी गोष्ट ही कीं, ‘संदल’ हा आपला चंदनच आहे, आणि ‘काफूर’ व ‘कर्पूर’ ह्यांचें कूळ एकच आहे. माल जेथून गेला तेथील शब्दहि त्याबरोबर गेला, आणि पुढें मनुष्याचें नांव होऊन परत आला.

आतां मलिक अंबराविषयीं. हबसाणांत जन्मलेल्या ह्या मुलाचें मूळ नांव चापू होतें असें सांगतात. तो लहानपणींच विकला गेला. बगदाद येथील धन्यानें त्यास शिक्षण दिलें व अंबर हें नांव ठेविलें. पुढें दक्षिणेंत निजामशाही वजीर चंगीझखान ह्यानें त्यास विकत घेतलें. हा वजीरहि मूळचा हबशी गुलामच. तेव्हां ‘अंबर’ हें आईबापांनीं ठेवलेलें नांव नसून खरेदीदारानें आपल्या मालास दिलेलें नांव आहे. त्यांत मुलाचें कूळ नाहीं, गांव नाहीं. आहे ती मौल्यवान वस्तूची उपमा. ‘मलिक’ ही पदवी मात्र पुढें मिळालेली असून तिचा अर्थ स्वामी.

हा अर्थ ध्यानांत घेतला म्हणजे त्या पुरुषाचें कर्तृत्व अधिक स्पष्ट दिसतें. ज्याचें स्वतःचें नांव बाजारांत लोपलें, त्याचें दुसऱ्यानें दिलेलें नांव महाराष्ट्रांतील जमीनमहसुलाच्या पद्धतीस लागलें, आणि ‘मलिकंबरी’ हा शब्द मराठी दप्तरांत रूढ झाला. आकाशाचा अर्थ शोभिवंत खरा, पण तो स्वीकारल्यास हा सारा इतिहास झांकला जातो.

संग्राहकांस आमची एवढीच विनंति कीं, ह्या नांवाचा फारसी शिक्का किंवा फर्मान वाचतांना आरंभींचें ऐन व त्यापुढील नून नीट पाहावें, आणि नकल करतांना तीं अक्षरें नोंदवावीं. केवळ बाळबोध रूपावर अर्थाची इमारत उभारूं नये.