दंड भरला कोणी?

अमेरिका-कॅनडाचं लाकडावरचं भांडण १९८२ पासूनचं. कॅनडातली बहुतेक जंगलं सरकारी. तिथं झाडं तोडायला सरकार इतका कमी दर घेतं, की ती छुपी मदतच झाली, असं अमेरिकन सॉ मिलवाल्यांचं म्हणणं. २००६ मध्ये करार झाला. निर्यातीवर कॅनडानेच कर लावायचा, काही प्रांतांना कोटाही पाळायचा. वाद झालाच तर लंडनचा लवाद.

२००७ मध्ये अमेरिकेत घरबांधणी आटली. मागणी घटली की कोटाही घटायला हवा, पण कॅनडाने हा हिशोब जानेवारीऐवजी जुलैपासून धरला. लवादाने २००९ मध्ये सुनावलं: ओंटारिओ, क्वेबेक, मॅनिटोबा आणि सस्कॅचवानच्या लाकडावर १० टक्के जादा आकार घ्या, ६ कोटी ८२ लाख ६० हजार कॅनेडियन डॉलर जमेपर्यंत.

मला खटकतं ते पुढचं. हे पैसे अमेरिकेला जायचे नव्हते, कॅनडातच राहायचे होते. म्हणजे हिशोब चुकवला सरकारने, आणि ऐन मंदीत भुर्दंड सॉ मिलवाल्यांना! एकरकमी पैसे देऊन मोकळं व्हायचा कॅनडाचा प्रयत्न लवादाने मानला नाही. दरम्यान अमेरिकेने स्वतःच १० टक्के शुल्क लावलं होतं. सप्टेंबर २०१० मध्ये कॅनडाने वसुली सुरू केल्यावर ते उठलं. रक्कम भरली तसा २०११ मध्ये हा जादा आकारही संपला.

पण तोवर दुसरा निकाल आला होता! मार्च २०११ पासून क्वेबेकवर २.६ टक्के, ओंटारिओवर ०.१. करार २०१५ मध्ये संपला आणि २०१७ मध्ये अमेरिकेने पुन्हा शुल्क बसवलं.