हाक ओळखणारी होडी

निकोला टेस्लाचं बिनतारी चालणाऱ्या होडीचं ६,१३,८०९ क्रमांकाचं अमेरिकन पेटंट मी प्रत्येक नव्या कॅडेटला दाखवतो. एनसीसीच्या नौदल शाखेत जहाजांच्या प्रतिकृती बनवणं हा स्पर्धेचा विषय आहे. प्लायवूड घासण्यात, रंगाचे हात देण्यात पोरं तरबेज होतात. पण रिसीव्हर, सुकाणू वळवणारा सर्वो आणि बॅटरी बसवायची वेळ आली, की चार वायरी जोडल्या की झालं, असं त्यांना वाटतं. म्हणून मी आधी १८९८ सालच्या त्या होडीकडे नेतो.

पेटंटचा अर्ज १ जुलैचा, मंजुरी ८ नोव्हेंबरची. अमेरिका आणि स्पेन यांच्या युद्धाचं ते वर्ष. असं बिनचूक विनाशाचं साधन हाती आलं की युद्धंच थांबतील, अशी आशा टेस्लाने पेटंटमध्येच लिहून ठेवली आहे. होडी लोखंडी, पोटात बॅटरी. एक मोटर पंखा फिरवायला, दुसरी सुकाणू वळवायला. न्यूयॉर्कमध्ये त्याने ती लोकांसमोर चालवून दाखवली. दोरी नाही, तार नाही.

बिनतारी लहरींनी दूरवर काहीतरी घडवून आणणं त्या वेळी अगदीच नवं नव्हतं. जगदीशचंद्र बोसांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये लहरींनी घंटा वाजवली होती, बंदुकीची दारू पेटवली होती. पण घंटा एकदा वाजली की काम झालं. होडीला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि दर वेळी वेगळं. खरी अडचण इथे होती. त्या काळचा रिसीव्हर म्हणजे धातूचे कण भरलेली एक छोटी नळी, कोहिअरर. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात आणि वीज वाहू लागते. लहर गेली तरी ते चिकटलेलेच राहतात, म्हणजे दुसरी हाक ऐकायला कान मोकळाच नाही. इतर जण नळीला टिचकी मारून कण सुटे करत. टेस्लाने काय केलं, तर प्रत्येक संकेतानंतर ती नळीच घड्याळी यंत्राने उलटी व्हावी अशी बसवली. कण घरंगळले की पुढची हाक ऐकायला होडी तयार. पेटंटच्या चित्रांमध्ये हा भाग मी दर वेळी बोट ठेवून दाखवतो, कारण टेस्लाची बुद्धी मला मोठमोठ्या भाकितांपेक्षा या उलटणाऱ्या नळीत जास्त दिसते.

संकेतांची भाषा मात्र एकाच अक्षराची होती: ठोका. एक ठोका आला की सुकाणू एकीकडे वळू लागे, पुढच्या ठोक्याला थांबे, त्यापुढच्याला दुसरीकडे, मग परत थांबे. स्पेनच्या लिओनार्दो तोरेस केवेदोने हीच भाषा वाढवली. किती ठोके आले त्यावरून कोणतं काम करायचं ते त्याचं ‘तेलेकिनो’ यंत्र ठरवी. १९०६ मध्ये बिलबाओच्या किनाऱ्यावर राजा तेराव्या आल्फोन्सोसमोर त्याने माणसं बसलेली नाव दोन किलोमीटरहून जास्त अंतरावरून चालवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा खेळ छंदिष्टांच्या हाती आला, तेव्हाही ठोक्यांचंच राज्य होतं. त्यांच्या होडीत एस्केपमेंट असे. पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर फिरू पाहणारी एक चकती आणि तिला अडवून धरणारं विद्युतचुंबकी खिट्टीचं टोक. बटण दाबलं की खिट्टी सुटे आणि चकती एक घर पुढे जाई: उजवं, सरळ, डावं, सरळ. मागच्या वेळी कुठे वळलो होतो, हे होडीला नव्हे, चालवणाऱ्याला लक्षात ठेवावं लागे. पीळ संपला की सुकाणूही संपलं. एवढ्या सामग्रीवर ज्यांनी तळी गाजवली, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

साठच्या दशकात प्रपोर्शनल पद्धत आली आणि भाषा बदलली. रिमोटची दांडी जितकी हलवाल तितकंच सुकाणू वळतं, कारण आता ठोके मोजले जात नाहीत, त्यांची लांबी मोजली जाते. साधारण दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे मध्य. एककडे गेला की एक बाजू, दोनकडे गेला की दुसरी. सर्वो आजही हेच वाचतो.

राहिला प्रश्न एकच: दुसऱ्याची हाक आपल्या होडीने ऐकली तर? टेस्लाला हा धोका दिसला होता. दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी एकत्र आल्या तरच यंत्र हलेल, अशा योजनेचा अर्ज त्याने १९०० मध्येच केला होता. हेडी लामार आणि जॉर्ज अँथील यांचं १९४२ चं पेटंटही पाणतीराचा संदेश शत्रूला बिघडवता येऊ नये म्हणून फ्रिक्वेन्सी सतत बदलत ठेवण्याचं. छंदिष्टांनी मात्र साधा उपाय काढला. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात रंगांनी ओळखल्या जाणाऱ्या जागा ठरल्या, आणि तळ्याकाठच्या फळीवर त्या रंगांचे चिमटे लागले. लाल चिमटा ज्याच्या अँटेनाला, तोच लाल क्रिस्टलचा रिमोट चालू करणार, बाकीचे थांबणार. या शिस्तीला कुणी पेटंट घेतलं नाही, पण तिने कितीतरी होड्या वाचवल्या असतील.

आता २.४ गिगाहर्ट्झवर रिमोट आणि रिसीव्हर एकदा बाइंड केले, की रिसीव्हर आपल्या रिमोटचा सांकेतिक क्रमांक ओळखून फक्त त्याचंच ऐकतो. भारतात हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला. चिमटे गेले. पण होडी पाण्यातच असते, आणि या लहरींना पाणी पार करता येत नाही. २७ मेगाहर्ट्झची लांबलचक वायर डोलकाठीवर चढवावी लागे. आता जेमतेम तीन सेंटिमीटर टोक उघडं असतं, आणि लहान म्हणून पोरं ते बॅटरीशेजारी खाली कोंबतात. ते पाणपातळीच्या वरच हवं, मोटर आणि स्पीड कंट्रोलरपासून लांब. ब्रशच्या मोटरला ठिणग्यांचा गोंगाट दाबणारे कपॅसिटर हवेतच.

सर्वोचा दांडा बसवण्याआधी रिमोट चालू करून त्याचा ट्रिम, म्हणजे मध्य बारीक सरकवणारी कळ, शून्यावर आणायचा, सर्वो मध्यावर येऊ द्यायचा, आणि मगच दांडा काटकोनात लावून सुकाणू सरळ धरून सळई जोडायची. चूक ट्रिमने झाकली, तर एका बाजूचं वळण तोकडं पडतं. चालू करताना आधी रिमोट, मग होडी; बंद करताना आधी होडी, मग रिमोट. हा क्रम त्या जुन्या दिवसांपासूनचा, जेव्हा मालकाची हाक बंद असली की रिसीव्हर हवेतला कुठलाही खरखराट हुकूम समजून पाळत असे.

शेवटची परीक्षा टेबलावर. होडी स्टँडवर, पंखा मोकळा, मोटर हळू चालू, आणि रिमोट बंद करायचा. पंखा थांबलाच पाहिजे. फिरत राहिला तर हाक तुटताच मोटर थांबवणारा फेलसेफ बसलेला नाही, आणि ती होडी त्या दिवशी तळ्यात उतरत नाही, मग स्पर्धा असो वा नसो.