शुभेच्छा क्रमांक १

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून फोन हातात घ्यावा, तर शंभरेक शुभेच्छा आधीच येऊन पडलेल्या असतात. पणत्या, रांगोळ्या, कोपऱ्यात एखाद्या इच्छुक नगरसेवकाचा हसरा चेहरा आणि खाली 'सहकुटुंब सहपरिवार'. त्यातली बरी दिसणारी एक आपण उचलतो आणि पुढे ढकलतो. घरातली मोठी माणसं म्हणतात, आमच्या वेळी हे असं नव्हतं. (हीच माणसं रोज पहाटे पाचला गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवतात, तो भाग वेगळा.) पण त्यांच्याही वेळी हे असंच होतं. तयार छापाची शुभेच्छा घाऊक पाठवायची सवय स्मार्टफोनहून दीडशे वर्षांनी तरी जुनी आहे.

१८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं. त्याआधी टपालखर्च अंतराप्रमाणे वाढायचा आणि बहुतेकदा पत्र घेणाऱ्याच्या माथी बसायचा. स्वस्ताई आली तशी पत्रं वाढली, आणि पत्राला उत्तर न देणं हा उद्धटपणा समजला जायचा. ही सुधारणा घडवून आणण्यात रोलंड हिलबरोबर हेन्री कोल नावाचा सरकारी अधिकारी होता. पुढे त्याच्याच टेबलावर उत्तरं न दिलेल्या पत्रांचा ढीग साठला. आपणच आणलेल्या सोयीत आपणच बुडालो, असं ते प्रकरण. १८४३ च्या नाताळात त्याने जॉन हॉर्सली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजारेक प्रती छापल्या. हे पहिलं छापील नाताळकार्ड मानलं जातं. चित्रात वाइन पिणारं कुटुंब होतं आणि त्यात एक लहान मूलही होतं, म्हणून दारूबंदीवाले भडकले. मला मात्र त्या मुलापेक्षा वरची ओळ महत्त्वाची वाटते. तिथे 'प्रति' असं छापून पुढची जागा कोरी सोडलेली होती. मजकूर सगळ्यांना एकच. हाताने भरायचं ते फक्त नाव.

आपल्याकडे १८५४ साली अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं आणि १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. शुभेच्छापत्रांची चाल पुढे इथेही रुळली. आमच्या घरी दिवाळीआधी एक वही निघायची. तिच्यात नावं आणि पत्ते. गेल्या वर्षी कुणाचं कार्ड आलं, त्यापुढे बारीक टिकमार्क. सलग दोन वर्षं टिकमार्क नसला की त्या नावावर घरात गंभीर चर्चा व्हायची. कार्ड पाकिटात घालून झाकण न चिकटवता आत खोचायचं आणि वर 'बुक पोस्ट' लिहायचं, म्हणजे कमी तिकिटात जायचं. अट एवढीच की आत खासगी पत्र नको. 'तुझी आई कशी आहे' असं विचारायचं असेल तर पूर्ण पैसे भरा. म्हणजे, काही सांगायचं नसेल तर सवलत!

याच हिशेबाचं टोक म्हणजे शुभेच्छांची तार. तारेत शब्दागणिक पैसे पडत. म्हणून तार खात्याने सणावारांची, लग्नकार्याची इंग्रजी वाक्यं आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते. १ म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. २ म्हणजे ईद मुबारक, ३ विजयादशमीनंतरच्या बंगाली बिजोयाच्या शुभेच्छा, ४ नवं वर्ष. ८ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी सदिच्छा. ९ नाताळ, १० परीक्षेतलं यश. पाठवणारा फॉर्मवर आकडा लिहायचा, तारेतून आकडाच जायचा आणि पलीकडच्या तार ऑफिसात त्याचं पुन्हा वाक्य व्हायचं. मजकूर प्रवासच करत नव्हता. तो दोन्ही गावांच्या तार ऑफिसांत आधीपासून होता. प्रवास करायचं ते नाव, पत्ता आणि एक आकडा. तरीही लग्नमंडपात तारा मोठ्याने वाचून दाखवल्या जायच्या आणि क्रमांक ८ पंधराव्यांदा ऐकतानाही मंडळी कान देऊन ऐकायची, कारण वाक्याकडे कुणाचं लक्षच नसायचं. कुणाकुणाची तार आली, हे ऐकायचं असायचं.

भारतात शेवटच्या तारा १४ जुलै २०१३ ला घेतल्या गेल्या. तोवर एसएमएस आपल्या अंगवळणी पडून जुना होऊ लागला होता. जगातला पहिला एसएमएसही सणाचाच होता. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण ब्रिटिश अभियंत्याने संगणकावरून व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिसला 'मेरी ख्रिसमस' पाठवलं. जार्व्हिसच्या फोनवरून मेसेज पाठवायची सोयच नव्हती, त्यामुळे त्या शुभेच्छेला त्याच वाटेने उत्तर गेलं नाही. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांनी मग सण बरोबर हेरले. दिवाळी आणि ३१ डिसेंबरला मेसेजचा पॅक चालायचा नाही, प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे पडायचे. म्हणून आम्ही आदल्या दिवशीच शुभेच्छा पाठवायचो आणि वर 'नेटवर्क जाम व्हायच्या आत' अशी फुशारकी जोडायचो.

व्हॉट्सअॅपने ही शेवटची कात्रीही काढून टाकली. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०१७ या एका दिवसात भारतातून २० अब्जांहून अधिक मेसेज गेले.

पुढे ढकलण्यात तसं वावगं काही नाही. दसऱ्याला आपट्याची पानं आपण तशीच देतो. एका घरी मिळालेलं सोनं पुढच्या घरी. पण पान द्यायला त्या दारात उभं राहावं लागतं. फोनवर दार नाही, आणि कोलच्या कार्डावरची ती कोरी रेघही नाही. नाव न लिहिता पाठवता येतं, न वाचताही पाठवता येतं. अशा वाटेने मग पणत्याच जातील याची खात्री कोण देणार? २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा याच वाटेने फिरल्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले. पाठवणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना आपण काळजीपोटी, भल्यासाठीच पाठवतोय असं वाटलं असणार. 'काळजी घ्या' हीसुद्धा शेवटी शुभेच्छाच.

देशभर अशा हत्या झाल्या, तेव्हा त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतापुरती मर्यादा जाहीर केली: एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, हातोहात फिरून आलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं ठरलं. त्यानंतरच्या दिवाळीत, वीस जणांना एकच पणती पाठवताना बोट मध्येच अडलं म्हणून आपण सगळे वैतागलो.

यावर उपाय म्हणून ब्रॉडकास्ट लिस्ट वापरतात. एका यादीत २५६ जण मावतात. गेल्या दिवाळीत मीही एक यादी केली, त्या जुन्या वहीतली नावं आठवून आठवून. मात्र या यादीतून मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलाय, त्यांनाच. संध्याकाळी मी मेसेजची माहिती उघडून कुणाकुणाला पोचला ते पाहत बसलो. बऱ्याच नावांपुढे काहीच नव्हतं. त्यातल्या तिघांना मग फोन केला. एकाने विचारलं, कोण बोलतंय?