काट्यावरचा आपला माणूस

विजेचा इतिहास लिहिणारे बहुधा धरणांचा, जनित्रांचा आणि तारांचा इतिहास लिहितात. वीज अखेर ज्या उंबरठ्याच्या आत जाते, त्या उंबरठ्याचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. आज घरातील गीझर, पंप, पंखे ठरल्या वेळी आपोआप चालू-बंद करणाऱ्या यंत्रणा बाजारात आल्या आहेत, आणि घटकाघटकाचा वापर टिपणारे ‘स्मार्ट’ मीटर आपल्या दारात येत आहे. म्हणून तो इतिहास पाहणे अगत्याचे झाले आहे. त्यात एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला आम्हांस दिसतो. मोजमाप कोणाच्या हाती?

प्रारंभी ते सर्वस्वी विकणाऱ्याच्या हाती होते. १८८२ साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले. त्याच्या मीटरात जस्ताचे पत्रे द्रावणात बुडविलेले असत आणि प्रवाहाबरोबर एका पत्र्यावरचे जस्त दुसऱ्यावर जाऊन बसे. कंपनीचा माणूस ते पत्रे काढून नेई, त्यांचे वजन करी, आणि त्यावरून बिल ठरे. बरणीतल्या पत्र्यांकडे पाहून गिऱ्हाइकाला काय कळणार? पुढे १८८९ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने फिरत्या चकतीचे मीटर सिद्ध केले. अशा मीटरात चकती डोळ्यांना दिसे आणि आकडे वाचता येत. मागचा आकडा आजच्या आकड्यातून वजा करणे शाळकरी पोरालाही जमू लागले. विजेच्या धंद्यात शिरलेली ही पहिली लोकशाही होय, असे आम्ही म्हणू.

मोजण्यानंतर प्रश्न येतो चालविण्याचा. थंड देशांत घर ऊबदार ठेवण्यास मोठा खर्च येतो. १९५३ साली अमेरिकेत हनीवेल कंपनीने हेन्री ड्रेफस याने घडविलेले वाटोळे तापनियामक बाजारात आणले. बाहेरचे कडे फिरवावे, हवे ते तापमान लावावे, काम संपले. ते घरोघर गेले. पुढे वेळापत्रक भरून घेणारी, अनेक बटनांची नियामके निघाली. कागदावर त्यांची बचत मोठी होती. १९९५ साली अमेरिकी सरकारच्या पर्यावरण संस्थेने त्यांस आपले ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह दिले आणि २००९ अखेर ते काढून घेतले. अपेक्षिलेली बचत घरांत दिसेना. कित्येकांनी वेळापत्रक बाजूला सारून एकच तापमान कायम करून ठेवले होते. यात लोकांचे अज्ञान पाहणारे पुष्कळ भेटतील. आम्ही तसे मानीत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला जे यंत्र पुस्तक वाचल्यावाचून चालविता येत नाही, ते यंत्र घडविणाऱ्यानेच नापास केलेले असते.

येथे कामगार चळवळीतील एक जुनी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ब्रिटनच्या कोळसा खाणींत मजुरी वजनावर मिळे आणि काटा मालकाचा असे. त्यावरून अखंड भांडणे होत. १८६० च्या कायद्याने खाणकामगारांस त्या काट्यापाशी स्वतःचा वजनदार नेमण्याचा हक्क दिला. काटा मालकाचाच राहिला. फक्त त्यावर डोळे दोन्ही पक्षांचे आले. एवढ्या लहानशा गोष्टीने खाणींतील संघटनांना केवढा आधार मिळाला!

हीच गोष्ट दीडशे वर्षांनी हॉलंडमध्ये विजेच्या बाबतीत घडली. तेथील सरकारने प्रत्येक घरी स्मार्ट मीटर सक्तीचे करण्याचे विधेयक २००८ साली आणले. विजेची नोंद दर पाव तासाची. मीटर नाकारणे हा गुन्हा, त्यास दंड आणि कैदही! तेथील ग्राहक संघटनेने टिलबर्ग विद्यापीठाकडून या विधेयकाचा कायदेशीर अभ्यास करवून घेतला. पाव तासाच्या आकड्यांवरून घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा बाहेर जातात, गावाला कधी गेली, हे सारे कळते. आणि युरोपच्या मानवी हक्क कराराने खासगी जीवनाला संरक्षण दिलेले आहे. एप्रिल २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहाने ही सक्ती मानली नाही. २०११ साली सुधारलेला कायदा झाला. त्याने मीटर नाकारण्याची, अथवा मीटर ठेवून दूरवाचन बंद करण्याची मुभा दिली. बारीक नोंदीसाठी घरमालकाची संमती लागू लागली. शिवाय त्या मीटरांना ‘पी-१’ नावाची एक खाच असते. तेथे गृहस्थाने आपले साधे यंत्र जोडावे, की घरचा वापर क्षणोक्षणी त्याच्यासमोर येतो. कंपनीला विचारावे लागत नाही. ही खाच म्हणजे काट्यावरचा आपला माणूसच होय.

आता आपल्या घराकडे वळू. जून २०२४ मध्ये, लोकांच्या विरोधानंतर, सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर बसविणार नाही असे महाराष्ट्र सरकारने जाहीर केले. नंतर मासिक बिलाचे स्मार्ट मीटर बसू लागले, आणि २०२५ साली सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील घरगुती वापरावर दरात सवलत आली. सूर्याची वीज दिवसा मुबलक असते, तेव्हा कल्पना योग्यच. परंतु त्याच वेळी कामकऱ्याच्या दाराला कुलूप असते! त्याला ही सवलत पदरात पाडून घ्यायची, तर पंप, धुण्याचे यंत्र, गीझर त्याच्या अनुपस्थितीत चालले पाहिजेत. म्हणजे घरची ऊर्जा सांभाळणारे यंत्र ही त्याच्याही गरजेची वस्तू ठरते, केवळ बंगलेवाल्याची चैन नव्हे.

म्हणून आमचा विरोध यंत्राला नाही. यंत्र यावे, पण ते मराठीत बोलणारे असावे, एका कळीने हाती घेता येणारे असावे, आणि त्याची नोंद प्रथम घरात वाचता यावी, मग कचेरीत. मीटर बसवायला येणाऱ्या माणसाशी भांडू नका. तो आपल्यासारखाच पोटासाठी राबतो. मीटर बसवून घेताना मात्र कचेरीला लेखी विचारा: आमच्या घराची नोंद कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, आणि ती ताडून पाहण्यासाठी आमच्या हाती काय दिले आहे? एकट्याने विचारले तर पत्र फायलीत पडेल. साऱ्या चाळीने, साऱ्या आळीने मिळून विचारावे.