वैद्यकीय वाङ्मयसूची आणि शोधाची मर्यादा

वैद्यकीय वाङ्मयाच्या शोधाचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगण्यात येतो. प्रत्यक्षात प्रश्न कोणत्या शब्दांत मांडला आणि सूचीची सीमा कोठे होती, यांवरच शोधाचे यश पूर्वीपासून अवलंबून राहिले आहे.

अमेरिकन सेनेच्या सर्जन-जनरलच्या ग्रंथालयाची सूत्रे जॉन शॉ बिलिंग्ज याने १८६५ साली हाती घेतली. रॉबर्ट फ्लेचर याच्या साहाय्याने त्याने १८७९ साली 'इंडेक्स मेडिकस' ही सूची सुरू केली. छापील सूचीत वाचकास एका वेळी एकच शीर्षक चाळता येई. १९६४ साली 'मेडलार्स' ही संगणकीय व्यवस्था कार्यान्वित झाली, तेव्हा ही अडचण दूर झाली. समानार्थी शब्द 'किंवा'ने जोडावे, आणि रोग, औषध, रुग्णवर्ग अशा भिन्न कल्पना 'आणि'ने बांधाव्या, ही आजही रूढ असलेली रीती तीत वापरात आली.

या व्यवस्थेचे परीक्षण एफ. विल्फ्रिड लँकेस्टर याने १९६८ साली प्रसिद्ध केले. सुमारे ३०० शोध तपासता असे आढळले की, उपयुक्त लेखांपैकी सरासरी ५८ टक्केच हाती येत, आणि हाती आलेल्यांपैकी निम्मे निरुपयोगी असत. यंत्राच्या चुकीचा वाटा अत्यल्प होता. दोष मुख्यत्वे विषयशीर्षके देण्यात, शोध रचण्यात आणि मूळ प्रश्न समजून घेण्यात होता. विशेष म्हणजे, संशोधकाने स्वतःच्या शब्दांत पत्राने कळविलेले प्रश्न, ग्रंथपालाशी समोरासमोर चर्चा करून सूचीच्या परिभाषेत बसविलेल्या प्रश्नांपेक्षा अधिक फलदायी ठरले. ग्रंथपालांना हे रुचले असेल असे वाटत नाही!

परिभाषा नेहमी ज्ञानाच्या मागून येते. एड्सच्या पहिल्या रुग्णांची नोंद १९८१ साली झाली. त्या रोगास स्वतंत्र विषयशीर्षक मिळाले ते १९८३ साली. मधल्या काळातील लेख अन्य शीर्षकांखाली विखुरले. म्हणूनच प्रमाणित शीर्षकांच्या जोडीस लेखकांचे मोकळे शब्दही घ्यावे लागतात.

कालसीमेचा प्रश्न याहून गंभीर आहे. १९९७ साली 'पबमेड' सर्वांस विनामूल्य खुले झाले. त्यातील नोंदी त्या काळी १९६६पर्यंतच मागे जात. २००१ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दम्याच्या एका प्रयोगात हेक्झामेथोनियम श्वासावाटे दिल्यानंतर २४ वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका मरण पावली. प्रयोगापूर्वी पबमेड पाहण्यात आले होते. हेच औषध रक्तदाबासाठी घेणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांस इजा झाल्याचे लेख १९५० नंतरच्या दशकातील होते, व म्हणून त्या शोधाच्या कक्षेबाहेर राहिले. त्या रुग्णांनी औषध श्वासावाटे घेतले नव्हते, हा बचाव करता येतो; तथापि तो बचाव लेख वाचल्यानंतरच करण्याजोगा आहे.

पुढे जुन्या छापील सूच्यांतील नोंदी संगणकात घालण्यात आल्या. परंतु त्यांपैकी बहुतेकींस सारांश नाहीत. सारांशातील शब्दांवर विसंबणाऱ्या शोधास तेथे लेखाचे नाव आणि विषयशीर्षके यांवरच भागवावे लागते.