शिक्षकाची लेखणी आणि दरमहाचे वेतन

भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान यांसारख्या विषयांच्या अध्यापनावर ज्याचा चरितार्थ चालतो आणि वर्गाबाहेरील समाजासाठीही जो लिहितो, त्याच्या उपजीविकेचे अस्थैर्य ही केवळ आजची आपत्ती होय अशी पुष्कळांची समजूत असली, तरी महाराष्ट्रात तिचा इतिहास अव्वल इंग्रजी अमदानीपर्यंत मागे जातो. 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे एल्फिन्स्टन विद्यालयात अध्यापक झाले, आणि विद्यार्थ्यांना शिकविणे व लोकांना शहाणे करणे ही एकाच मनुष्याची कामे असू शकतात, हे त्यांच्या अल्पायुष्याने सिद्ध केले. त्या काळी विद्याप्रसाराच्या कामी सरकारचा हेतू आणि पंडिताचा हेतू यांत उघड विरोध दिसत नव्हता. तो दिसू लागण्यास आणखी चार दशके जावी लागली.

जानेवारी 1874 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. ज्या राज्यकर्त्यांच्या खजिन्यातून आपले वेतन येते, त्यांच्याच राज्यपद्धतीची आणि विद्याभिमानाची निर्भीड चिकित्सा करणाऱ्या लेखकाची स्थिती किती नाजूक असते, हे सांगावयास नकोच. त्यांची बदली रत्नागिरीस झाली. ग्रंथ, छापखाना आणि समानधर्मी मित्र यांचा सहवास पुण्यात राहिला. अखेर 1879 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विशेष हे की, एक नोकरी सोडून दुसरी शोधण्याऐवजी, ज्या संस्थेत शिक्षकाची लेखणी कोणाच्या हुकुमाची बांधील राहणार नाही अशी संस्थाच त्यांनी सहकाऱ्यांसह उभारली. जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, आणि एक वर्षाने ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. मार्च 1882 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी विष्णुशास्त्री निवर्तले.

त्यांच्या योजनेची कसोटी त्याच वर्षी लागली. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविषयी या पत्रांत आलेल्या मजकुराबद्दल विष्णुशास्त्र्यांचे सहकारी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, व डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. सरकारी खात्यातील शिक्षकास अशा शिक्षेनंतर आपली जागा परत मिळण्याची आशा धरता आली नसती. हे दोघे मात्र सुटकेनंतर आपल्याच शाळेत पुन्हा शिकवू लागले. लेखकाच्या धैर्याची स्तुती आपण नेहमी करतो, परंतु त्या धैर्याच्या पाठीशी उभी राहणारी संस्था नसेल तर त्याची किंमत त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले, आणि अल्प वेतनावर दीर्घ मुदतीची सेवा पत्करणाऱ्या आजीव सभासदांच्या हाती त्यांची सूत्रे राहिली. परकीय धन्याचे बंधन सुटले, तथापि एक नवा आणि अधिक कठीण प्रश्न घरातच उभा राहिला: शिकवून उरलेला वेळ कोणाचा? सभासदाने आपली सर्व शक्ती संस्थेसच अर्पण करावी, बाहेरील प्राप्ती व उपाधी यांत ती विभागू नये, असा टिळकांचा आग्रह होता. वेतन इतके थोडे असता आणि संसार वाढत असता बाहेरच्या कामास मज्जाव करणे न्याय्य नव्हे, असे इतरांना वाटे. सोसायटीचे एक सभासद गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्याने तो वाद विकोपास गेला, आणि 1890 च्या अखेरीस टिळकांनी संस्था सोडली. आगरकरांनी 1888 मध्ये काढलेला ‘सुधारक’ चालूच ठेवला. 1892 मध्ये वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर फर्ग्युसनच्या प्राचार्यपदाचा भारही वाहिला, आणि वयाची एकोणचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 17 जून 1895 रोजी, त्यांचा अंत झाला.

या वादात एक पक्ष त्यागी आणि दुसरा स्वार्थी, असा निवाडा करणे अन्यायाचे होईल. निष्ठा विभागली की संस्था दुबळी होते, हे खरे. आणि ज्याच्या घरात महिनाअखेरची विवंचना आहे त्याच्याकडून अखंड निष्ठेची अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे, हेही तितकेच खरे. चूक झाली ती लोकांसाठी केलेल्या लेखनास अध्यापनाबाहेरचा उद्योग मानण्यात. ‘निबंधमाला’ आणि ‘सुधारक’ हे वर्गाच्या भिंतीबाहेर चाललेले अध्यापनच होते, आणि त्यापासून महाराष्ट्राने जेवढा लाभ घेतला तेवढा कोणत्याही एका शाळेच्या वर्गांतून त्याला झाला नसेल.

आज अनेक महाविद्यालयांत तासांच्या हिशेबाने मोबदला घेऊन, पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही या चिंतेत, मराठी वा इतिहास शिकविणारे तरुण अध्यापक उरलेल्या वेळात लेख लिहितात. त्यांच्यापुढे आगरकरांच्या त्यागाचा आदर्श ठेवण्यापूर्वी आपण स्वतःकडे पाहावे. त्याग हा व्यक्तीने स्वेच्छेने करावयाचा असतो. तो समाजाने वेतनपत्रकात गृहीत धरावयाचा नसतो. ज्यांच्या लेखणीमुळे आपण विचार करावयास शिकलो त्यांच्या वारसांना कायम जागा, पुरेसे वेतन आणि लिहिण्याची मोकळीक देणे, हे विद्यासंस्था चालविणाऱ्यांचे व त्यांना पैसा पुरविणाऱ्या सरकारचे कर्तव्य आहे, आणि ते त्यांनी विनाविलंब पार पाडावे.