गडाचा हजेरीपट



गड म्हटला की पुणेकराची मान ताठ होते, आणि ती व्हायलाही हवी. कोणता गड कोणी घेतला, कोणत्या तहात गेला आणि कोणत्या साली परत आला, हे आपल्याकडचे शाळकरी पोरही सांगेल. परंतु गडावर पाणी कोणी भरले, चुना कोणी मळला, रात्री दरवाजे कोणी लावले आणि त्याला महिन्याकाठी काय मिळाले, असे विचारले म्हणजे आपण सारेच गप्प होतो.

मी इतिहाससंशोधक नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकापाशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. कामगार संघटनेच्या कामात मला एक खोड लागली आहे. मोठे बांधकाम पाहिले की ते उभारणाऱ्यांचा हजेरीपट कोठे असेल, हा प्रश्न आधी मनात येतो. आज तो प्रश्न आपण लोहगडाला विचारू.

गड काही दूर नाही. लोणावळ्याची लोकल धरावी, मळवलीला उतरावे, द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गाव गाठावे आणि चढणीला लागावे. गायमुख खिंडीत आले की डावीकडे विसापूर आणि उजवीकडे लोहगड. पाळी संपवून, डब्यात भाकरी बांधून आमचे कामगार मित्र या वाटेने अनेकदा गेले आहेत. ज्याला दिवसभर यंत्रापुढे उभे राहण्याची सवय आहे, त्याचे पाय चढणीला सहसा कुरकुरत नाहीत.

ही वाट शिवकालाहून फार जुनी आहे. कोकणातली बंदरे आणि देशावरच्या पेठा यांना जोडणारा बोरघाट जवळच आहे. या घाटाच्या रहदारीवर भाजे, कार्ले, बेडसे येथली लेणी उभी राहिली. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. समोरच्या डोंगरात कार्ल्याचा चैत्य आहे. त्याच्या दर्शनी भागावरचे लेख पुष्कळांच्या नजरेतून सुटतात. धेनुकाकट नावाच्या गावाच्या एका गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, तेथे दान दिले. आणि त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी भागाचे काम केले, असे ते लेख सांगतात. राजाच्या शेजारी सुताराचेही नाव दगडावर कोरावे, असे त्या काळी कोणाला तरी वाटले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

खुद्द लोहगडवाडीच्या वरच्या कातळातही इ.स. २०१९ मध्ये अभ्यासकांना एक ब्राह्मी लेख आढळला. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा असून अरिहंतांना नमन करून सुरू होतो. इदरखित, म्हणजे इंद्ररक्षित, नावाच्या माणसाने येथे पाण्याचे टाके करविल्याची नोंद त्यात आहे. गडाच्या अंगाखांद्यावरचा हा जुना लेख लढाईविषयी काही बोलत नाही. तो पाण्याविषयी बोलतो.

आणि ते योग्यच आहे, कारण गडाचा जीव पाण्यात असतो. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. गड बांधण्यापूर्वी आधी पाणी पाहावे, असे त्यात बजावले आहे. झऱ्याचे पाणी असले तरी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये, दोन-चार टाकी खोदून ठेवावीत. कारण झुंजाच्या वेळी तोफांच्या दणक्याने झरे आटतात, असे कारणही दिले आहे. कागदावर ही आज्ञा एका ओळीची. कातळावर ती पुरी करायला पाथरवटांचे किती उन्हाळे गेले असतील! आपल्या सह्याद्रीचा दगड काळा आणि चिवट. आधी छिन्नीने ओळीत खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी ठोकायच्या, चिरा सुटला की तो उचलून तटाकडे न्यायचा. जेथून दगड निघाला तेथे टाके होते आणि जेथे तो बसला तेथे बुरूज होतो. एकाच मेहनतीत पाणीही साधले आणि तटही. ही अक्कल कोण्या दरबाऱ्याची नव्हे. सुतकी धरणाऱ्या हाताची आहे.

लोहगडाला चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला असे सांगतात. तेथे जवळच भात-नाचणी साठवायचे भुयार आहे. म्हणजे शिबंदीच्या ताटात काय पडत होते, तेही कळते. महादरवाज्यातून आत गेल्यावर दर्ग्याजवळ चुन्याची घाणी दिसते. आमच्या एका टर्नर मित्राने तिच्या कडेने पावले मोजत चक्कर मारली आणि म्हणाला, "साहेब, इथे बैल बोलत नव्हता आणि माणूसही. म्हणून कुणी लिहिलं नाही." गणेश दरवाज्याच्या बुरुजांखाली नरबळी दिला आणि त्याच्या मोबदल्यात त्या घराला वाडीची पाटीलकी मिळाली, अशी आख्यायिका आहे. ती खरी की खोटी हा वाद मी घालत नाही. पण दगड टिकायचा तर खाली माणूस गेला पाहिजे, हे लोकांच्या मनात पक्के बसले होते, एवढे तरी त्यावरून दिसते.

आता मजुरीकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस आपली बखर लिहिली. शिवाजी महाराजांनी गडाच्या कारभाराची घडी कशी बसवली, ते तिच्यावरून समजते. किल्ल्या हवालदाराकडे, पहारा सरनोबताकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य व दारूगोळा कारखानिसाकडे. एका माणसाच्या लहरीवर गड जाऊ नये, ही यातली दृष्टी. वतने तोडून देण्यापेक्षा रोख वेतनावर भर होता. गडाच्या घेऱ्यात मेटांवर रामोशी, महार, कोळी, बेरड पहारा देत; वाटा राखणे त्यांच्याकडे असे आणि त्यापोटी त्यांना जमिनी असत. म्हणजे हजेरीपट होता, श्रोतेहो! सबनीस तोच लिहीत असे. आपण मात्र इतिहास वाचताना तो बाजूला ठेवला.

याचे महत्त्व दोन प्रसंग शेजारी ठेवले की ध्यानात येते. नाशिकजवळचा रामशेज हा काही प्रचंड गड नव्हे. १६८२ मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला आणि तो पाच वर्षांहून अधिक झुंजला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकूड कोरून, वर कातडे चढवून तोफा केल्या, असे मोगलांचा इतिहासकार खाफीखान लिहितो. ते लाकूड सुताराने कोरले असणार आणि कातडे चर्मकाराने शिवले असणार. दुसरा प्रसंग लोहगडाचा. पुरंदरच्या तहात १६६५ मध्ये गेलेला आणि १६७० मध्ये परत घेतलेला हा गड. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या प्रॉथरने आधी विसापूर घेतला. विसापूर लोहगडाहून उंच, तेथून तोफा डागल्या तर खालचा गड टिकणे कठीण. लोहगड लढाईवाचून गेला. तट शाबूत, दरवाजे शाबूत, टाक्यांत पाणी.

त्या शिबंदीला भ्याड म्हणणे सोपे आहे. मला ते मान्य नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे गेले होते, पेशवे रानोमाळ फिरत होते, फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखले पडले होते, आणि सुमारे दहा दिवसांच्या वेढ्यानंतर २ मार्चला सिंहगडही गेला होता. ज्यांनी हुकूम द्यायचा, पगार द्यायचा, मदत पाठवायची, तेच जागेवर नव्हते. अशा वेळी तटावरच्या शिपायाने कोणासाठी मरावे? गिरणी बुडवून मालक पसार झाल्यावर फाटकाशी उभ्या राहिलेल्या पहारेकऱ्याला जे वाटते, ते त्या माणसांना वाटले असेल. रामशेजवर राखणाऱ्यांच्या पाठीशी राज्य उभे होते. लोहगडावर मागे वळून पाहिले तर कोणी नव्हते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि एक जिंजी. लोहगड त्यांत आहे. आनंदाची गोष्ट आहे. आता गर्दी वाढेल, निधी येईल, ढासळलेला तट पुन्हा रचला जाईल. तेव्हा माझे आपल्याला एवढेच मागणे आहे. चुन्यात चिरा बसवणाऱ्या गवंड्याला पुरी मजुरी आणि डोक्यावर शिरस्त्राण मिळते का, टाक्यातला गाळ आणि आपण टाकलेल्या बाटल्या काढणारी बाई कायम नोकरीत आहे की रोजंदारीवर, हे विचारा. दुरुस्तीचा फलक लागेल तेव्हा त्यावर मंत्र्यांच्या नावाखाली पाथरवटांचीही नावे लिहा, असा आग्रह धरा. दोन हजार वर्षांपूर्वी समोरच्या डोंगरावर एका सुताराचे नाव कोरता आले. मग आपल्याला ते का जमू नये?